सूर्यपूजकांच्या घरातील असूर्यंपश्या

आज माघ शुद्ध सप्तमी, रथसप्तमी. पाटावर रक्तचंदनाने सात घोड्यांचा रथ रेखाटला जाईल, तुळशीवृंदावनापाशी गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू घालविले जाईल आणि मकरसंक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवांची सांगता होईल. हा सारा सोहळा स्त्रियांच्या हातून होतो. रथ तीच रेखाटते, अर्घ्य तीच देते, खीरही तीच शिजविते. मात्र पूजा आटोपताच सूर्यनारायणाकडे पाठ करून तिने पुन्हा घराच्या सावलीत शिरावे, अशी आपली रीत पडून गेली आहे. ज्या देवतेची ती पूजा करते, त्या देवतेचा प्रसाद तिच्या अंगाला लागत नाही. आजच्या पर्वावर याच प्रसादाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

सूर्याचा हा प्रसाद म्हणजे ड जीवनसत्त्व. ते अन्नातून फार थोडे मिळते आणि शाकाहारी ताटातून तर नाममात्रच. मनुष्याची त्वचा उन्हात ते स्वतः तयार करते. सूर्यप्रकाशाची वाण नसलेल्या या देशात या जीवनसत्त्वाचे दुर्भिक्ष असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण २००० साली दिल्लीत निरोगी माणसांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली आणि हा भ्रम फिटला. म्हैसूर येथे गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी सहासष्ट स्त्रियांच्या रक्तात हे जीवनसत्त्व पुरेशा प्रमाणाहून कमी आढळले. सूर्य दारात उभा आणि घरात दुष्काळ, अशी ही अवस्था आहे.

व्याकरणातील दोन शब्द

पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात छत्तिसावे सूत्र आहे. त्या एकाच सूत्राने दोन शब्द सिद्ध होतात. पहिला ‘असूर्यंपश्या’, म्हणजे सूर्यदेखील जिच्या दृष्टीस पडत नाही अशी स्त्री. टीकाकारांनी त्याचे उदाहरण दिले ते राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांचे. दुसरा शब्द ‘ललाटंतप’, म्हणजे कपाळ तापविणारा, माथ्यावर आलेला मध्यान्हीचा सूर्य. विद्यार्थ्यांना हे सूत्र शिकविताना या दोन शब्दांची जोडी मोठी मौजेची वाटते. एकाच सूत्राच्या एका टोकाला कधी ऊन न पाहिलेली राणी आहे आणि दुसऱ्या टोकाला भर दुपारचा भास्कर. सूत्रकाराने ही दोघे एकत्र बसविली ती केवळ प्रत्ययाच्या सोयीसाठी. आजचे वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, पहिलीच्या व्याधीवर औषध दुसऱ्यापाशीच आहे.

असूर्यंपश्या हे एके काळी प्रतिष्ठेचे विशेषण होते. जिला उन्हात जावे लागत नाही ती भाग्यवान, ही समजूत राजवाड्यांतून वाड्यांत आणि वाड्यांतून चाळींत व सदनिकांत उतरली. राजवाडे गेले, अंतःपुरे गेली, पण समजूत राहिली. आजही लग्नाच्या मुलीला ‘उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील’ असे सांगणारी आई घरोघरी भेटते. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड ओढणीत गुंडाळतात आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवितात. धुळीसाठी म्हणून सांगतात, पण खरे भय रंगाचे असते. गोऱ्या रंगाचा हा सोस राजदारांच्या अंधाराइतकाच जुना आहे. त्याची किंमत हाडे, स्नायू आणि गर्भ भरीत आले आहेत.

शंभर वर्षांपूर्वीची साक्ष

ही किंमत आज प्रथमच कळली असेही नाही. मुडदूस म्हणजे मुलांची हाडे मऊ होऊन वाकण्याचा रोग. तो युरोपातील धुराने काळवंडलेल्या शहरांत घरोघर होता. जपानात राहून आलेले थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनी १८९० साली त्याचा भूगोल मांडला. अन्नाची आबाळ असूनही उन्हाच्या देशांत हा रोग कमी आणि सुबत्ता असूनही अंधाऱ्या शहरांत अधिक, हे पाहून त्यांनी सूर्यप्रकाशाचा अभाव हेच कारण ठरविले. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना येथे हॅरिएट चिक या विदुषीने १९१९ ते १९२२ या काळात दाखवून दिले की, कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि सूर्यप्रकाश या दोहोंपैकी कशानेही मुडदूस बरा होतो. तेल पोटात जाते, ऊन कातडीवर पडते आणि गुण एकच येतो, याचे त्या वेळी सर्वांना आश्चर्य वाटले. तेलातील त्या द्रव्याला मॅकॉलम यांनी १९२२ साली ‘ड’ हे अक्षर दिले आणि या शोधमालिकेतील कामाबद्दल आडोल्फ विंडाउस यांना १९२८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यातही पाहणी झाली होती. हचिसन आणि शहा यांनी ती १९२२ साली प्रसिद्ध केली. पोटभर अन्न न मिळणाऱ्या पण दिवसभर उन्हात राबणाऱ्या गरिबांपेक्षा पडद्यात राहणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांत हाडांचा हा विकार अधिक होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदापद्धती व मातृत्व यांवर एक पुस्तकच लिहिले. ऐन तारुण्यात हाडे मऊ पडून ओटीपोटाचा सांगाडा आवळतो, प्रसूती अडते, आई आणि मूल दोघेही दगावतात, आणि याचे मूळ प्रकाशाच्या अभावात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पडदा हिंदू उच्चकुलीनांतही होता आणि मुसलमान खानदानांतही होता. अंधार कोणत्या धर्माचा, हे हाडे विचारीत नाहीत.

कोवळे ऊन की मध्यान्हीचे?

सूर्यकिरण त्वचेवर पडले की काय घडते, ते थोडक्यात पाहू. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्यावर पडल्या म्हणजे त्याचे ड जीवनसत्त्व होऊ लागते. त्याच्यावर पहिला संस्कार यकृतात होतो आणि दुसरा मूत्रपिंडात. मग ते कामाला सिद्ध होते आणि अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषून घेण्यास साहाय्य करते. सूर्याच्या बारा नावांत ‘पूषन्’ हे एक नाव आहे. ते पुष् धातूपासून आले आहे आणि त्याचा अर्थ पोषण करणारा. हे नाव किती सार्थ आहे, ते या रसायनावरून ध्यानात यावे.

परंतु येथे एका रूढ समजुतीला बाजूला सारावे लागते. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. वास्तविक उगवत्या सूर्याचे किरण तिरपे येतात, वातावरणाचा फार मोठा पल्ला तुडवून येतात आणि त्या वाटेवर ह्या उपयोगी लहरी जवळजवळ साऱ्या शोषल्या जातात. तिरुपती येथील संशोधकांनी त्वचेतील ते मूळ द्रव्य काचेच्या विशेष कुप्यांत भरून दिवसाच्या निरनिराळ्या वेळी उन्हात ठेवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, वर्षभर सकाळी ११ ते दुपारी २ हाच काळ सर्वांत फलदायी आहे. क्षेत्रस्थानी झालेला हा प्रयोग आपण भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावा. प्रातःकाळचे अर्घ्य अवश्य द्यावे. त्याने मनाला प्रसन्नता येते, पहाटे उठण्याची शिस्त लागते आणि कृतज्ञता शिकता येते. पण हाडांचा आणि रक्ताचा हिशेब अर्घ्याने चुकता होत नाही. त्यासाठी ललाटंतप सूर्यापुढेच उभे राहिले पाहिजे.

याची खूण फार सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हाचे ऊन या कामाचे, आणि सावली लांब असेल तेव्हाचे ऊन केवळ उबेचे. महाराष्ट्राचे स्थान असे की, ऐन पौषातदेखील मध्यान्ही आपली सावली आपल्याहून आखूडच पडते. उत्तर युरोपातील माणसाला हिवाळ्याचे कित्येक महिने ही संधी मिळत नाही. आपल्याला ती बारा महिने आहे. खिडकीच्या काचेआडून येणारे ऊन मात्र या कामी निरुपयोगी आहे, कारण काच त्या लहरी अडविते. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही त्या थोड्याबहुत अडविते, म्हणून गोऱ्यांच्या देशात लिहिलेली पाच-दहा मिनिटांची मापे आपल्याला पुरत नाहीत. वय वाढते तशी त्वचेची ही निर्मितिशक्तीही उतरते. म्हणजे ज्या आजीबाईंना आपण जिना उतरण्याचा त्रास नको म्हणून आत बसवून ठेवतो, त्यांनाच उन्हाची निकड अधिक असते.

हाडांपलीकडची गोष्ट

आतापर्यंतचे विवेचन हाडांविषयी झाले. अलीकडे प्रश्न उठला आहे तो चयापचयाचा, म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीरात काय होते याचा. देशव्यापी पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कमरेचा घेर मोजला गेला. शंभर पुरुषांत १२ जणांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आढळले, तर शंभर स्त्रियांत तब्बल ४० जणींचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, भारतीय माणूस दिसतो सडपातळ, पण त्याच्या अंगात चरबी अधिक व स्नायू कमी असतात आणि ही घडण आईच्या गर्भातच सुरू होते. तेव्हा स्त्रीचे शरीर हा केवळ तिचा प्रश्न राहात नाही. तो पुढल्या पिढीचाही प्रश्न होतो.

ड जीवनसत्त्वाचा याच्याशी काय संबंध? १९८० साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, हे जीवनसत्त्व न मिळाल्यास स्वादुपिंडातून इन्शुलिन नीट स्रवत नाही. मग जगभर रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचा मेद अधिक आहे, त्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व बहुधा कमीच आढळले. पुष्कळांनी घाईने निष्कर्ष काढला की, ड जीवनसत्त्वाची गोळी म्हणजे मधुमेहाचा उतारा. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठातच शिकवितात. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते आणि तेथेच अडकून पडते, म्हणून लठ्ठपणामुळेही रक्तातील प्रमाण घटते. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते, हे प्रयोगावाचून ठरावयाचे नाही.

असे प्रयोग झाले. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई स्त्रियांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे नावच मुळी ‘सूर्य’ असे ठेवले होते. इन्शुलिनला दाद न देणारी शरीरे आणि ड जीवनसत्त्वाची उणीव, असे दोन्ही दोष असलेल्या ८१ स्त्रियांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज चार हजार एककांची मात्रा दिली आणि उरलेल्यांना निर्गुण गोळी. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मात्रा घेतलेल्या स्त्रियांची शरीरे इन्शुलिनला अधिक दाद देऊ लागली होती. आपल्याच रक्ताच्या लेकीसुनांवर दूरदेशी झालेला हा प्रयोग आशादायक होता.

पण नाण्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेत सुमारे ३४ हजार प्रौढ स्त्रियांना काही वर्षे कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची माफक मात्रा किंवा निर्गुण गोळी देऊन पाहिले. मधुमेह होण्याचे प्रमाण घटले नाही, असे २००८ साली जाहीर झाले. मग मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ स्त्री-पुरुषांवर आणखी एक मोठा प्रयोग झाला, मात्रा तीच, रोज चार हजार एककांची. २०१९ साली त्याचा निकाल लागला. सुमारे अडीच वर्षांत गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी २४ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी २७ जणांना. हा फरक इतका अल्प की, तो योगायोगाचाही असू शकेल. पुढे २०२३ साली अशा तीन प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा उंबरठ्यावरच्या माणसांचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली असाच तोल राखला. उंबरठ्यावरील धोक्याच्या रुग्णांना, गर्भवतींना आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना मात्रा द्यावी, पण धडधाकट माणसांनी उठल्यासुटल्या रक्त तपासू नये, असा तिचा सल्ला आहे.

म्हैसूरच्या पाहणीतही असाच दुहेरी बोध आहे. गरोदरपणी होणारा मधुमेह आणि ड जीवनसत्त्वाची उणीव यांचा परस्परसंबंध तेथे आढळला नाही. परंतु ज्या मातांना ही उणीव होती, त्यांची मुले साडेनऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या दंडाचे स्नायू तुलनेने बारीक आणि शरीरे इन्शुलिनला कमी दाद देणारी निघाली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आईने न पाहिलेल्या उन्हाची खूण लेकराच्या दंडावर राहते, अशी रास्त शंका घेण्यास जागा आहे.

या साऱ्यातून माझ्या बुद्धीला जे उमगते ते असे. ड जीवनसत्त्वाची उणीव अनेक स्त्रियांच्या बाबतीत रोगाचे कारण असेल त्याहून अधिक ती तिच्या कोंडलेल्या जीवनाची साक्ष आहे. जी बाहेर पडत नाही तिला ऊन मिळत नाही, आणि जी बाहेर पडत नाही तिचे पायही चालत नाहीत. चालणारा स्नायू रक्तातील साखर वापरतो, बसलेला वापरीत नाही. चार भिंतींचा तोच कोंडमारा रक्तातील जीवनसत्त्व उतरवितो, कमरेचा घेर वाढवितो आणि साखरही चढवितो. गोळी यांपैकी पहिला आकडा सुधारील. पण ती स्त्रीला घराबाहेर काढणार नाही, तिला अर्धा तास स्वतःचा म्हणून देणार नाही, तिच्या पायांना वाट दाखविणार नाही. कीर्तन संपल्यावर समोरच्या भगिनी गुडघ्यावर हात टेकून, एकमेकींचा आधार घेत उठतात. त्यांतील कित्येक पन्नाशीच्याही आतल्या असतात. ते पाहिले की वाटते, या जीवांना औषधाआधी मोकळीक हवी होती.

संज्ञा आणि छाया

पुराणात सूर्याच्या संसाराची एक कथा आहे. सूर्यपत्नी संज्ञेला पतीचे तेज सहन होईना. तिने आपल्यासारखीच दिसणारी छाया घरात ठेवली आणि आपण निघून गेली. छाया घर सांभाळीत राहिली, मुलेबाळे झाली, कोणाला काही कळले नाही. पुढे गुपित फुटले. तेव्हा विश्वकर्म्याने सूर्याला आपल्या यंत्रावर घालून त्याचे तेज तासले, ते सोसण्याजोगे केले आणि संज्ञा स्वगृही परत आली.

संज्ञा म्हणजे जाणीव, चेतना. छाया म्हणजे सावली. आमच्या घरांतून आज संज्ञा निघून गेली आहे आणि छाया संसार करीत आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? त्या रांधतात, वाढतात, उष्टी काढतात, कचेरीत जातात तरी छतातून निघून छताखालीच पोहोचतात. या कथेत संज्ञेला कोणी दोष दिलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे. तेज असह्य होते म्हणून ते तासले गेले. उन्हाचेही तसेच आहे. चैत्र-वैशाखातील वणव्यात तासन् तास उभे राहणे हे व्रत नव्हे, अविचार आहे. उन्हाळ्यात थोडका वेळ, डोक्यावर पदर किंवा टोपी आणि जवळ पाणी हवे. त्वचा लाल होऊ लागण्याआधीच सावलीत यावे. ल्युपससारखा विकार असलेल्यांनी किंवा ऊन वर्ज्य सांगितलेली औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे. तेज तासून घेणे म्हणजे तारतम्य राखणे.

तारतम्याचा हाच नियम गोळ्यांनाही लागू आहे. ज्यांच्या रक्तात उणीव खोल आहे, ज्यांची हाडे दुखतात, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, त्यांनी केवळ उन्हावर विसंबू नये. डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्यावी. मात्र साठ हजार एककांची जी पुडी आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते, ती रोज घेणे किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन् महिने चालू ठेवणे हे घातक आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे लघवीवाटे निघून जातात, हे साठून राहते. रक्तातील कॅल्शियम वाजवीपेक्षा चढून मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी रोजची गरज सांगितली ती ६०० एककांची. यावरून साठ हजारांच्या पुडीचे वजन वाचकांनीच ओळखावे.

यंदाचे वाण

संक्रांतीपासून आजवर हळदीकुंकवात कितीतरी वस्तू वाण म्हणून वाटल्या गेल्या असतील. वाट्या झाल्या, डबे झाले, प्लॅस्टिकच्या टोपल्या झाल्या. यापुढे एक वाण असे लुटावे की, ज्याला दाम पडत नाही. ते म्हणजे भर दुपारचे अर्धा तास ऊन. आठवड्यातून चार-पाच दिवस दुपारी बाराच्या सुमारास आळीतल्या स्त्रियांनी एकमेकींना हाक मारून बाहेर पडावे, हात कोपरापर्यंत आणि चेहरा उघडा ठेवावा आणि बसून न राहता चालावे. चालण्याने साखर वापरली जाते, उन्हाने जीवनसत्त्व मिळते आणि मैत्रिणीशी बोलण्याने मन हलके होते. या तिन्ही गोष्टी देणारी गोळी अद्याप निघालेली नाही.

तिळगुळाची परंपराही येथे मदतीला येते. ड जीवनसत्त्व हा कॅल्शियमचा वाटाड्या आहे, पण वाटाड्या असून पाहुणाच नसेल तर काय उपयोग? शंभर ग्रॅम अखंड तिळांत हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. दूध, दही, ताक हे तर आहेच. २०१८ पासून दुधात व खाद्यतेलात अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके ठरली आहेत आणि अशा पिशव्यांवर ‘+एफ’ ही खूण असते. ती पाहून घेण्याची सवय लावावी. मात्र घरातील दुधाचा शेवटचा पेला कोणाच्या वाट्याला येतो, हेही पुरुषांनी एकदा पाहावे. सूर्यासाठी उतू घालविण्याइतके दूध ज्या घरात आहे, त्या घरात गृहिणीसाठी पेलाभर दूध निघू नये, हे कोणत्या धर्माला मान्य होईल?

या वाणाच्या वाटणीत सवाष्ण आणि विधवा हा भेद ठेवू नये. सूर्य कुंकू पाहून उगवत नाही. किंबहुना साठी ओलांडलेली, ठिसूळ हाडांची, मधुमेहाने गांजलेली आणि घराच्या कोपऱ्यात बसविलेली जी वृद्धा, तिचा या प्रसादावर पहिला हक्क आहे. हळदीकुंकवाला जिला आजवर बोलावले नाही, तिला निदान या उन्हाला तरी आवर्जून बोलवावे.

आता थोडे कारभाऱ्यांना. अनेक शहरांतील सार्वजनिक उद्याने सकाळी आणि सायंकाळी उघडी असतात आणि दुपारी त्यांना कुलूप असते. घरातली कामे आटोपून स्त्रीला जेव्हा थोडी फुरसत मिळते आणि सूर्यही जेव्हा कामाचा असतो, नेमके तेव्हाच फाटक बंद! निदान कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दुपारी बारा ते दोन ही उद्याने खुली ठेवावीत, तेथे पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय असावे. गृहनिर्माण संस्थांनी गच्चीच्या किल्ल्या चिटणिसांच्या कपाटातून बाहेर काढाव्यात. शाळांनी मुलींच्या खेळाचा तास सकाळच्या धुक्यात न घेता मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे ठेवावा. कारखाने आणि कार्यालये यांनी स्त्रियांच्या भोजनाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे उन्हात जाण्यास मज्जाव करू नये. यांपैकी एकाही मागणीला मोठा खर्च नाही. मन मात्र मोठे लागते.

आणि शेवटी मातांना एकच विनवणी. मुलगी उन्हातून खेळून आली की तिच्या रंगाकडे पाहू नका, तिच्या चालीकडे पाहा. ‘काळवंडलीस’ हा शब्द घरातून हद्दपार करा. ज्या सावळ्या विठ्ठलाच्या दर्शनासाठी आषाढाची वाट आपण पायांनी तुडवितो, त्याच्या भक्तांनी लेकीच्या सावळेपणाची लाज बाळगावी, याहून मोठी विसंगती कोणती? आज पाटावर रथ रेखाटून झाला, दूध उतू गेले, नैवेद्य झाला. आता दुपारी बारा वाजता घरातील लेकी, सुना, सासवा आणि आज्या यांनी उंबरा ओलांडावा आणि आपापली सावली पायाशी किती आखूड झाली आहे ते पाहावे. तेवढे झाले की रथसप्तमीची पूजा पुरी झाली, असे समजावे.